भोरड्यांचा फोटो

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात तेव्हा फोटो म्हणजे माणूस. खुर्चीवर ताठ बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि तोंडावर असा भाव की आत्ताच कुणीतरी रागावलंय. त्यामुळे पुनमचंद शेटनं मुंबईहून कॅमेरा मागवला तेव्हा निम्म्या गावानं धुतलेलं धोतर नेसून त्याच्या कापडदुकानासमोरून उगाच फेऱ्या मारल्या. शेटनं एकाकडंही पाहिलं नाही. तो सकाळी उठून कयाधू नदीच्या काठाला गेला आणि एका बगळ्याचा फोटो काढून आला.

मी त्याच्या दुकानाच्या ओट्यावर शिवणाचं मशीन घेऊन बसत असे, म्हणून हे सगळं मला जवळून दिसे. शेट वयानं तिशीचा, स्वभावानं गरीब, आणि कापड मोजताना हमखास चार बोटं जास्त देणारा. वडील असेपर्यंत त्यानं मान वर केली नव्हती. ते गेले आणि ह्याची मान जी वर गेली ती झाडाच्या शेंड्याकडंच. कापडाच्या गोदामात अंधार करून तो फोटोच्या काचा धूत बसे. बाजाराच्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की फोटो बाहेर काढी आणि ओट्यावरच्या मंडळींच्या हातात देई. लोकांनी पाहावं, दोन शब्द बोलावेत, एवढीच त्याची हौस.

लोक बोलत, पण भलतंच. टेकडीचा फोटो पाहून कुणी विचारी, "ह्यात माणूस कुठंय?" पळसाच्या झाडाचा पाहून विचारी, "हे झाड तोडायचंय का?" धुक्यातल्या नदीचा फोटो मजुरी करणाऱ्या ग्यानबानं उलटा धरला आणि मान डोलावून पुढं दिला. शेट बिचारा हसे, आणि मला त्या लोकांचा राग येई. खरं सांगायचं तर मलाही काय बोलावं ते सुचत नसे. कापड चांगलंय म्हणता येतं. बगळा चांगलाय असं कसं म्हणायचं?

त्या साली माघात ज्वारी दाण्यात आली आणि भोरड्या उतरल्या. ही पाखरं दरसाल येतात. डोकं काळं, अंग गुलाबी, आणि थवा एवढा की वावरावर सावली पडते. राखण नसेल तर एका सकाळीत दाणे टिपून कणसाचं नुसतं बुरकुंडं ठेवतात. म्हणून वावराच्या मध्ये चार खांबांवर माळा बांधतात, आणि त्यावर एक माणूस गोफण घेऊन दिवसभर आरोळ्या देत उभं राहतं.

तातेरावाच्या वावरात हे माणूस म्हणजे त्याची भावजय गोजरबाई. धाकटा भाऊ वारला तेव्हापासून ती तातेरावाच्याच घरात. तातेराव मोठा जमीनदार, घर भरलेलं, तिला कशाला नाही म्हणणारा नव्हता. पण तिच्या एकुलत्या लेकीला, मंजुळाला, दिलं होतं पैनगंगेपल्याड, रिसोडकडं, संस्थानाची हद्द ओलांडून इंग्रजाच्या मुलखात. तिथं सासू येता-जाता पोरीला ऐकवी की तुझी माय फुकटचे तुकडे मोडते. पोरगी ते ऐकून रडे, आणि कुणी येणारं-जाणारं असलं की निरोप धाडी. मग गोजरबाईनं स्वतः दिराला सांगितलं की राखणीला गडी लावू नका, मी उभी राहते; गड्याला सुगीला जो वाटा देता तो मला द्या. तातेराव हसला आणि बरं म्हणाला. बाईचा आवाज खणखणीत होता आणि गोफण अचूक. दोन साल तिच्या वावरात भोरडी टेकली नव्हती. खळ्यावरून तिच्या वाट्याचं पोतं निघालं की त्यातली पायली-दोन पायली ज्वारी ती लेकीला पोचवी, मुद्दाम, सासूला दिसावी म्हणून.

शेटला नेमका त्याच वावराच्या बांधावर बाभळीचा एक झुडूपवजा आडोसा सापडला. समोर ज्वारी, ज्वारीच्या मागं माळा. तो माळ्याखाली जाऊन उभा राहिला आणि वर पाहून म्हणाला, "मावशी, दोन दिवस सकाळी माझं एक काम करा. मी कॅमेरा लावून बसतो. तेवढा वेळ गोफण फिरवू नका, ओरडू नका, आणि अजिबात हलू नका."

गोजरबाईनं हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत फोटोवाला पाहिला होता. तोही काळ्या फडक्यात डोकं घालून असंच म्हणत होता, हलू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उभी राहिली. संध्याकाळी माझ्याकडं खण घेऊन आली. म्हणाली, "रामकिशनभाऊ, ही चोळी आजच्या आज शिवून द्या. शेट माझा फोटो काढून राहिले. आज जुन्या चोळीवर काढला, उद्या नव्या चोळीवर काढतील."

मी म्हणालो, "मावशी, शेट पाखरांचे फोटो काढतो."

ती हसली. "पाखराचा फोटो कोन काढंल? पाखरं काय वावर राखतात?" मग खण माझ्यापुढं सारत म्हणाली, "लेकीला धाडायचाय. माळ्यावर उभी, हातात गोफण. तिच्या सासूला दाखव म्हनावं, माय काय करून राहिली ते."

मी पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं नाही, आणि मलाही वाटलं, असेलही बुवा. आता शेटला माणसांकडं वळायची उपरती झाली असेल. चोळी मी दिवा लागायच्या आत शिवून दिली आणि काठाला थोडी जास्त मेहनत घेतली.

दुसरी सकाळही ती उभी राहिली. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, गोफण छातीशी धरलेली, नजर समोर बाभळीकडं. खाली भोरड्यांनी वावरात जेवणावळ मांडली. शेट म्हणाला होता हलू नका, म्हणून ती हलली नाही. पाखरं उतरून राहिलीत हे तिला दिसत होतं आणि जीव तुटत होता, असं तिनंच मला पुढं सांगितलं. पण फोटो एकदाच निघतो, ज्वारी दरसाल येते, असा तिनं हिशोब केला.

पुढच्या बाजारी शेटनं तो फोटो बाहेर काढला.

मी आजवर पुष्कळ फोटो पाहिले, आता तर पोरंसोरंही काढतात, पण तसा फोटो पाहिला नाही. कणसाकणसावर भोरडी. एक मान तिरकी करून दाणा उपसतेय, एकीच्या चोचीत दाणा आहे, दोघी एका कणसावरून भांडतायत आणि ज्वारीचं ताट वाकलंय. एक उडता उडता राहिलेली, तिचे पंख नुसते धूर झालेत. सगळे ओट्यावर वाकले. कुणी माणूस कुठंय म्हणून विचारलं नाही. ग्यानबानं तर फोटोवर हात फिरवला आणि पटकन मागं घेतला, पाखरं उडतील म्हणून. शेटचा चेहरा असा उजळला की मला फार बरं वाटलं. वर्षभर तो ह्याचीच वाट पाहत होता.

तातेरावही होता. त्यानं फोटो हातात घेतला, उन्हाकडं धरला आणि म्हणाला, "वा शेट. बराबर जिती पाखरं हायेत."

"वावर कुणाचं हे?" मागून कुणीतरी म्हणालं.

आमच्याकडं हे विचारल्याशिवाय कुठलीच गोष्ट पुरी पाहून होत नाही. ग्यानबानं पाखरांच्या मागं बोट ठेवलं. तिथं माळ्याचे चार खांब होते, त्यातला एक वाकडा. "तातेराव, ह्यो तुमचाच माळा," तो म्हणाला.

तातेराव खूश झाला. आपलं वावर फोटोत आलं म्हणून त्यानं चहा मागवला.

आणि इथं शेटला चांगुलपणा सुचला. दुसरा कुणी असता तर आपलीच फुशारकी मारून मोकळा झाला असता. शेट म्हणाला, "माझं काय आहे ह्यात? खरं श्रेय गोजरमावशीचं. दोन सकाळी त्यांनी गोफण फिरवली नाही की तोंडातून आवाज काढला नाही. त्यांनी मनावर घेतलं नसतं तर एक पाखरू खाली बसलं नसतं."

सगळ्यांनी फोटोकडं पुन्हा पाहिलं, आणि आता प्रत्येकाला भोरडीच्या चोचीतला दाणा दिसला. शेटला काही कळलं नाही. तो हसतच होता.

तातेरावानं फोटो सांभाळून, कडेला धरून, शेटच्या हातात परत दिला. "फोटो चांगला निघाला," तो म्हणाला. चहा यायच्या आत तो उठून गेला.

मंडळी पांगली तेव्हा गोजरबाई दुकानाच्या कोपऱ्याआडून पुढं आली. बायका ओट्यावर चढत नसत, म्हणून ती मघापासून तिथंच उभी होती. नवी चोळी अंगात होती. तिनं काय ऐकलं, काय नाही, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, "शेट, दाखवा."

शेटनं मोठ्या आनंदानं फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो पुष्कळ वेळ पाहिला. मग खांबांवर बोट ठेवून ते वर वर नेलं, कागद संपेपर्यंत.

"ह्याच्या वरचं कुठंय?"

"वरचं मावलं नाही, मावशी," शेट म्हणाला.

तिनं फोटो परत केला आणि घराकडं गेली. मग मी मशीन थांबवून शेटला सगळं सांगितलं: लेक, सासू, चोळी. तो ऐकता ऐकता कापडाच्या ताग्यावर बसला. त्याला कुणी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. मला त्याची कीव आली, आणि त्याच्यापेक्षा जास्त राग आला. इतकी बारीक नजर, चोचीतला दाणा टिपणारी, आणि डोक्यावर उभी असलेली बाई ह्याला दिसू नये?

दुसऱ्या दिवशी माळ्यावर ग्यानबा होता.

शेट मला बरोबर घेऊन तातेरावाकडं गेला. चूक माझी, त्या बाईची नाही, असं त्यानं हात जोडून सांगितलं. तातेरावानं आम्हाला बसायला घोंगडी दिली. आवाज चढवला नाही.

"दाण्याचं मला काही न्हाई, शेट. पाखरानं खाल्लं, खाऊ द्या," तो म्हणाला. "पन राखनीला उभं केलेलं मानूस कुनाच्या सांगन्यावरून गप ऱ्हायलं, तर ती राखन कशाची? उद्या गड्यांना मी कोनत्या तोंडानं बोलू? आन तिला तकलीफ काय हाय? दोन वक्ताची भाकर घरात हाय. मी कधी न्हाई म्हनलो का?"

तो खरंच कधी नाही म्हणाला नव्हता.

चार दिवसांनी शेट पुन्हा गेला, ह्या वेळी कॅमेरा घेऊन. मी सोबत होतो. गोजरबाई पुढच्या दाराशी सुपात डाळ पाखडत होती. घरातली कामं ती पहिल्यापासून करत आलेली. त्याला काही वाटा नसतो. शेटनं कॅमेऱ्याची तिपाई उभी केली. पाखरासाठी करायचा त्याहून जास्त वेळ लावून त्यानं सगळं नीट केलं.

"मावशी, आज तुमचाच काढतो," तो म्हणाला. "मंजुळाबाईंना मी स्वतः नेऊन देईन, रिसोडला. माळ्यावर चला."

"माळ्यावर ग्यानबा हाय."

"त्याला घटकाभर खाली उतरायला सांगू."

"मग गोफन पन त्याचीच घेऊ का हातात?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "लेकीला खोटं धाडू का?"

शेटनं इकडं तिकडं पाहिलं. सकाळचं ऊन दारावर छान पडलं होतं. फोटो काढणाऱ्या माणसाला ते दिसल्यावाचून राहत नाही. तो म्हणाला, "मग इथंच काढू. उजेड फार चांगला आहे. ह्या दारात उभ्या राहा."

गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. मागं वळून दाराकडं पाहिलं, चौकटीकडं, आत अंधारात वावरणाऱ्या जावेकडं.

"तिची सासू दुसरं काय म्हनत होती, शेट?" ती म्हणाली. "दिराच्या दारात उभी हाय, हेच ना?"

शेटनं तिपाईचे पाय मिटले. आम्ही निघालो तेव्हा वावराकडून ग्यानबाच्या आरोळ्या ऐकू येत होत्या, आणि ती पुन्हा डाळ पाखडायला बसली होती.