पाठीवरचे टाके

सकाळी मशीनचं चाक फिरायच्या आधीच सून मोरीत ओकली आणि सासूबाईंनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. घर शिवणकामाचं. बाहेरच्या खोलीत दोन मशिनी, एक कापायचं टेबल, भिंतीकडे इस्त्रीचं. तीस वर्षं टेप न लावता नुसत्या नजरेनं बायकांची मापं सांगणाऱ्या बाईच्या नजरेतून सुनेचे चुकलेले दिवस काय सुटणार?

"किती झाले?"

"दीड महिना," सून तोंड पुसत म्हणाली.

"आणि अजून त्या घोडीला अंगावर घेऊन बसतेस?"

घोडी म्हणजे सव्वा वर्षाची नात. गालांवरून तिचं नाव ढब्बी पडलेलं. आई मशीनवर बसली की ती दुडूदुडू यायची, मांडीत चढायची आणि स्वतःच्या मालकीचं दुकान उघडावं तशी झंपरचे हुक ओढायची.

"पोटात दुसरं आलं की दूध नासतं," सासूबाई म्हणाल्या. "वरचीला विष आणि आतल्याला उपास. आणि आत नातू आहे माझा. त्याच्या ताटातलं मी कुणाला खाऊ देणार नाही."

"हळूहळू तोडते ना, आई. धड चार घास खात नाही अजून ती."

"हळूहळू? दात उपटायचा तर डॉक्टर काय रोज थोडा थोडा ओढतो?"

त्याच दुपारी त्यांनी जाड अस्तराचं कापड काढलं आणि झंपर बेतला. पुढं हुक नाही, बटण नाही. उघडायचा तो पाठीवर. सकाळी सुनेला पाठमोरी बसवायची, दुहेरी दोऱ्यानं टाके घालायचे आणि रात्री नात आपल्या कुशीत झोपली की उसवायचे. हात तिथवर पोचत नाहीत, हे मापं घेणारीला पक्कं ठाऊक.

पहिल्या दिवशी ढब्बीनं हुक शोधले. मग गळ्यातून हात घालून पाहिला. मग अस्तरच चोखलं. मग जी रडायला लागली ती गळा बसेपर्यंत. शेजारच्या मशीनवर बसलेला तिचा बाप मान वर न करता पायडल जोरात मारायला लागला. पोर रडली की मशीन पळायची. असं चार दिवस चाललं आणि त्या चार दिवसांत घरात कधी नव्हे एवढं काम झालं.

"पोर का हो एवढं ओरडतंय?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"लाडाची शिवण उसवतेय," सासूबाई म्हणाल्या. "जरा दुखायचंच."

सुनेच्या अस्तरावर ओले डाग पडायला लागले. "छाती दगड झालीय, आई. अंगात ताप आहे. जरा वेळ तरी उसवा."

"आटेल. आम्हाला काय छात्या नव्हत्या?"

ढब्बीसाठी बाटली आणली. सासूबाई सकाळीच वरचं दूध पाणी घालून भरायच्या आणि दिवसभर इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवायच्या. तिथं ऊब असते, पोराला कोमट लागतं. आपल्या हुशारीचं त्यांना कौतुक वाटलं. दर वेळी दूध तापवायचा खोळंबा वाचला.

नवव्या दिवशी त्या दोरा आणायला बाजारात जाऊन आल्या, तर सुनेच्या पाठीवरचे तीन टाके तुटलेले आणि ढब्बी कित्येक दिवसांनी शांत झोपलेली.

"तुझा हात पोचत नाही. कुणी कापले?"

 मुलगा सुईत दोरा ओवत राहिला. दोरा काही ओवला जाईना.

"बायकोचा बैल," सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं तीन टाक्यांच्या जागी सहा घातले.

पुढच्याच आठवड्यात ढब्बीला जुलाब लागले. "दात येताहेत," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही दातच येत होते. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे आत गेले, रडताना पाणी येईना, आणि आईनं जवळ घेतलं तरी तिनं झंपरला हात लावला नाही. मान फिरवली. शिकली होती ती.

दवाखान्यात दुपार व्हायच्या आत ती गेली.

सून पोरीच्या पायाशी बसून राहिली. नर्सनं सासूबाईंना दारापाशी बोलावलं. "अंगावरचं का तोडलं एकदम?"

"सुनेला दिवस गेलेत."

"मग? पाजत्या बाईला दिवस गेले तर दूध थोडं कमी होतं, चव बदलते. विष होत नाही. आधी कधी पोट पडलं असेल, रक्त जात असेल, तर डॉक्टरांना विचारायचं. एरवी पाजलं म्हणून पोटातल्याचं काही जात नाही." तिनं पोरीच्या उशाशी पडलेली बाटली नाकाशी नेली आणि लांब धरली. "हे किती वेळचं आहे? यानं जुलाब लागले. पोर कोरडी पडून गेली, आजी."

सासूबाईंनी बाटली घेतली, घरी येऊन आधी ती फेकली. मग दारात बायका जमल्या तेव्हा डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "चोरून पाजलं हो हिनं. मी टाके घालून थकले. नासकं दूध पोरीला भोवलं."

बायकांनी सुनेकडे बघितलं. सुनेनं सासूकडे. 

महिन्याभरानं शेजारीण आली. काखेत जाड कापड. "आमच्या सुनेलाही दिवस गेलेत. नातू दोन वर्षांचा होईल, पण सोडत नाही. तुमच्या घरी झालं ते बघून जीव घाबरला. पाठीवरचा झंपर शिवून द्या एक."

सासूबाईंनी कापड पसरलं. सवयीनं चार टाचण्या ओठांत धरल्या.

सुनेनं मशीन थांबवली. "माझी पोर दुधानं गेली नाही, मावशी. बाटलीतल्या नासक्या दुधानं गेली. मीही ऐकत होते. पण नर्सनं सांगितलं ते यांना. यांनाच विचारा."

तोंडात टाचण्या असल्या की बाईला बोलता येत नाही. सासूबाईंनी एक काढली, टाचण्यांच्या उशीत टोचली. दुसरी काढली. मुलगाही बघत होता. चौथी काढून झाल्यावर ओठ मोकळे झाले, आणि जन्मात कधी न आलेला शब्द त्या ओठांवर आला.

"खरंय," त्या म्हणाल्या. "बाटली मी भरत होते. दारात बोलले ते खोटं."

शेजारीण घुटमळली. मग कापड पुन्हा पुढं सरकवत म्हणाली, "असेल हो. पण तरी शिवूनच ठेवा. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

आपल्याच तोंडचं वाक्य असावं तसं ते सासूबाईंच्या कानात शिरलं. एक खोटं बोलायला त्यांना क्षण लागला होता. ते परत घ्यायला सबंध जीभ झिजली तरी पुरणार नव्हती. त्यांनी कापडाची घडी घातली, शेजारणीच्या हातात कोंबली. "ने हे. तुझ्या सुनेशी मीच बोलते. नर्सकडे नेते तिला." त्यांनी वळून सुनेला हाक मारली, "चल गं, तूही चल."

मशीनवर कुणी नव्हतं. सून केव्हाच पायऱ्या उतरून शेजारणीच्या घरात शिरली होती.