दोन्ही बाजू सारख्या

केशव तीन वर्षांचा होत आला तरी बोलत नव्हता. माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, म्हणत, याचा बापही उशिराच बोलला, अन् आता युनियनच्या सभेत थांबता थांबत नाही. मी हसायची, आणि त्यांची पाठ वळली की केशवच्या कानामागे चमचा वाजवून बघायची.

अशातच एके दिवशी माझे यजमान रुपराव कोराडीच्या वीज केंद्रातली ड्यूटी करून येताना सीताबर्डीच्या फुटपाथवरून आठ वर्षांच्या गोपिकासाठी एक चित्रकथा घेऊन आले. पहिला भाग. त्यात एक किमयागार लोखंडाचं सोनं करतो. पण दर वेळी त्याचं स्वतःचं काहीतरी जातं. आधी सावली, मग हसू. शेवटच्या पानावर त्याला आईचं नाव आठवेनासं होतं.

हे खरं असतं का, गोपिकानं विचारलं. मी वांगी चिरत होते. माझ्या बी.एस्सी.ला या घरात कोणी काही विचारत नाही, म्हणून जरा खुलले. सोनंबिनं खोटं, म्हटलं, पण एक बरोबर आहे. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या लागतात. इकडं मिळायचं तर तिकडचं तेवढंच जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोपिका गप्प. घसा पाहिला, ताप पाहिला, शाळेत कोणी रागावलं का विचारलं. नुसती मान हलवी. मुकी नवरी लवकर खपते म्हणून सासूबाईंनी चिडवलं, तरी नाही. आता दोन मुकी लेकरं, या विचारात मी कणकेत दोनदा मीठ घातलं.

संध्याकाळी केशव माठाकडे बोट करून उभा राहिला. एरवी बोट उठायच्या आत गोपिका ओरडायची, "त्याले पानी पायजे." भूक, झोप, शू, सगळं त्याच्या वतीनं तीच बोलायची अन् आम्ही धावायचो. आज ती ओठ मिटून बसली होती, आणि माझंही लक्ष तिच्याकडेच. केशवनं बहिणीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, पाय आपटला. मग थेट आजीच्या सुरात माझ्यावर खेकसला,

"पानी दे न वं."

सासूबाईंचा अडकित्ता थांबला. "घे. अजून एक सासू आली तुले."

त्याला पाणी पाजलं, निम्मं माझ्या पदरावर सांडलं. गोपिका मात्र तोंडावर हात दाबून रडत होती. जवळ घेतलं तर तिनं बिनसावलीच्या किमयागाराचं चित्र दाखवलं, मग आपल्या ओठांवर बोट ठेवलं, मग ते केशवकडे नेलं. तेव्हा उमगलं. आपला आवाज देऊन तिनं त्याचा आणला होता. आता ती बोलली तर त्याचा जाणार.

तुझ्यामुळे झालं नाही, असं मला म्हणवेना. झालं तर तिच्याचमुळे होतं. म्हटलं, रसायनशास्त्रात उत्प्रेरकही असतो. त्याच्यावाचून काम अडतं, पण काम झालं की तो होता तसाच परत मिळतो. त्याचं काही जात नाही.

तिनं डोळे पुसले.

"मग पुस्तकात हे काहून नाही लिवलं?"

"तो पहिलाच भाग आहे," मी म्हटलं.

आम्ही तिघी केशवकडे बघत राहिलो. त्यानं रिकामा पेला पुढे केला. "अजून."

गोपिकानं मोठा श्वास सोडला आणि लगेच त्याला दटावलं, आजीसारखं नाही बोलायचं आईले.

"काहून वं?" सासूबाईंनी विचारलं.