सांधे ओले आहेत

भाचीची अक्कल गुडघ्यात आहे, असं तिची आई ती चालायला लागली तेव्हापासून सांगत आली होती. त्यामुळे सेमीफायनलमध्ये भाचीचा उजवा गुडघा गेला, तेव्हा आईच्या हिशेबाने ती डोक्यालाच झालेली दुखापत होती.

तिला सगळेच भाची म्हणत. ज्यांची ती भाची नव्हती तेही, आणि तिच्या आजोबांच्या वयाचे लोकही. कारण तिचा मामा. मामा फरश्या बसवण्याची कामं घ्यायचा, भाची त्याच्या हाताखाली फरश्या बसवायची, आणि संध्याकाळी हीच फरशीवाली मंडळी मामाच्या व्हॉलीबॉल टीममध्ये खेळायची. टीममध्ये माणसं मोजून सहा. सातवा घ्यायला मामाची ना नव्हती, पण दिवसभर गुडघ्यांवर बसून संध्याकाळी उड्या मारायला तयार होणारा सातवा वेडा गावात शिल्लक नव्हता.

बांधकामाच्या धंद्यातल्या टीमांची दरवर्षी स्पर्धा व्हायची. नळवाले, रंगवाले, काचवाले, पडदेवाले. बाकीच्या टीम मॅचआधी मैदानाला फेऱ्या मारत, हातपाय मोकळे करत, हलक्या उड्या घेत. फरशीवाल्यांचं वॉर्मअप म्हणजे मामाचं भाषण. त्याने अंग तापायचं, पण फक्त मामाचं.

सेमीफायनलमध्ये असंच थंड अंगाने भाची नेटवर उंच उडाली, बॉल हाणला आणि खाली येताना एकाच पायावर, गुडघा ताठ ठेवून उतरली. पाऊल होतं तिथेच चिकटलं आणि गुडघा आत वळला. ‘कट्’ असा आवाज झाला. आवाज इतका स्वच्छ होता की हॉलमधल्या सगळ्यांनी बॉलकडे पाहिलं. पंचांनी शिट्टी मारली. बॉल दाबला, कानाशी नेला, हवा तपासली.

“बॉल ठीक आहे,” पंचांनी जाहीर केलं.

गुडघ्याबद्दल कोणी काही जाहीर केलं नाही. मॅच संपतच आली होती. उरलेले पॉइंट भाचीने एका जागी खांबासारखं उभं राहून काढले आणि फरशीवाले पहिल्यांदाच फायनलमध्ये पोचले.

चहा येईपर्यंत गुडघा पावासारखा फुगला होता.

“दाखव,” मामा म्हणाला. त्याने पिशवीतून रबरी हातोडा काढला.

यात त्याला काही वावगं वाटलं नाही. फरशी नीट बसली की नाही हे तो हातोड्याने हलकेच ठोकून, कान लावून ठरवायचा. खाली पोकळी राहिली असेल तर आवाज पोकळ येतो. त्याने भाचीच्या गुडघ्याची वाटी तीन ठिकाणी ठोकली. भाचीने तिन्ही वेळा मामाच्या कुळाचा उद्धार केला. ते तिचंही आजोळ होतं, पण वेळच तशी होती.

“भरीव वाजतोय,” मामा म्हणाला. “काही झालेलं नाही. गरम तेलाने रगडून काढतो, उद्या पळशील.”

“मामा, डॉक्टरला दाखवू या का?”

“सांध्यांचं मला शिकवतेस? उभा जन्म सांधेच भरतोय मी!”

तो फरश्यांमधल्या सांध्यांबद्दल बोलत होता. पण आत्मविश्वास इतका होता की फरक कोणाच्या लक्षात आला नाही. टीममधला एकटा ‘बाण’ तेवढा खुर्ची मागे सरकवून बसला. बाणाचं बोट एका मॅचमध्ये निखळलं होतं, तेव्हा मामाने ते जागच्या जागी ओढून बसवलं होतं. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात, म्हणून असेल, पण ते बोट कायमचं वाकडं राहिलं. तेव्हापासून बाणाला कोणी रस्ता विचारला आणि त्याने बोट दाखवलं, की माणूस भलत्याच गल्लीत सापडायचा.

मामाने गुडघा रगडला. तेल संपेपर्यंत रगडला. सकाळी गुडघा दुप्पट झाला होता आणि त्याला तेलाचा छान वास येत होता.

तरीही भाची कामावर गेली. अक्कल गुडघ्यात असली की गुडघा सुजल्यावर अक्कलही जड होते. दुसऱ्या मजल्यावरून फरश्यांचं खोकं घेऊन ती जिना उतरत होती, तेवढ्यात गुडघा एकदम खालून सरकल्यासारखा झाला. पायाखाली पायरी होती, पण मध्ये गुडघाच नव्हता. खोकं खाली, भाची कठड्याला लटकलेली.

“फुटलं का काही?” खालून मामा ओरडला.

“मी नाही फुटले.”

“तुझं कोण विचारतंय, फरश्या!”

हे आईच्या कानावर गेलं. आई म्हणजे मामाची थोरली बहीण, आणि जगात मामा फक्त तिलाच घाबरायचा. तिने भाचीला रिक्षात कोंबलं आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेऊन उतरवलं.

फिजिओ बाई बारीक अंगाच्या, आवाज मात्र ट्रकचा. “लागलं तेव्हा आवाज आला होता?”

“आला. आम्हाला वाटलं बॉल फुटला.”

“मग?”

“बॉल तपासला. बॉल ठीक आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “सूज किती वेळात आली?”

“चहा येईपर्यंत.”

“जिना उतरताना दगा देतो?”

“फरश्यांना विचारा.”

बाईंनी तिला आडवं केलं, गुडघा वाकवला, नडगी धरून हळूच पुढे ओढली. डावी जागच्या जागी थांबली. उजवी ड्रॉवरसारखी बाहेर आली. भाचीने आपल्या पायाकडे पाहिलं. स्वतःच्या घरात चोरदरवाजा सापडावा, तसं तिला वाटलं.

“आत एक दोरी असते, नडगीला पुढे जाऊ न देणारी,” बाई म्हणाल्या. “ती तुटलेली दिसतेय. हाडांच्या डॉक्टरांकडे जा, एमआरआय करा, मग नक्की कळेल. ‘कट्’ आवाज, तासाभरात सूज आणि हा दगा. तिन्ही असताना वाट बघत बसायचं नसतं. यावर काय लावलंत?”

“मामाने गरम तेलाने रगडलं.”

“आत रक्त साचलंय आणि वरून शेक आणि चोळणं? आगीला पंखा लावलात. सुरुवातीचे दिवस बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून, थोडा थोडा वेळ. पट्टी बांधायची, पाय उशीवर उंच ठेवायचा. चोळायचं नाही, शेकायचं नाही. आणि कोणाचा सांधा निखळला, तर घरच्या शहाण्याने तो ओढायचा नाही.”

“बोटाचासुद्धा?”

“बोट काय स्विच आहे, खटका मारला की लागलं?”

भाचीला बाणाची आठवण आली.

“पण बाई, रविवारी फायनल आहे.”

“कोणाची?”

“आमची.”

“गुडघ्याची झाली फायनल. तो हरला. आता असाच खेळलीस तर आतली गादी फाटेल, मग खेळणं राहू दे, फरशीवर बसता येणार नाही. बसून खातेस ना तू?”

बसूनच खायची भाची. तिचं पोट त्या दोन गुडघ्यांवर चालायचं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण कोणी इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ती कुबड्या टेकत मामाकडे गेली आणि म्हणाली, “मी खेळणार नाही.”

मामा हसला. मग हसायचा थांबला. “पाच जणांना खेळू देत नाहीत. मॅच पडदेवाल्यांच्या घशात जाईल.”

“जाऊ दे.”

“नुसती कोपऱ्यात उभी राहा. बॉल आला तर नाही म्हण.”

“बॉल ऐकतो का?”

“अगं, तरुणपणी गावच्या टीमकडून मी फुटक्या गुडघ्यावर फायनल खेळलोय!” ही गोष्ट भाची लहानपणापासून ऐकत होती. आज पहिल्यांदा तिच्या मनात एक साधा प्रश्न आला.

“जिंकला होतास?”

मामाने खिडकीबाहेर पाहिलं. “खेळलो होतो.”

“आणि आता जिना उतरताना खेकड्यासारखा आडवा उतरतोस.”

“तो माझा प्रश्न आहे! तू आमच्या घराण्याची असून पडद्यांपुढे गुडघे टेकतेस?”

“टेकता येत नाहीत, मामा,” भाची म्हणाली. “वाकतच नाही.”

हे ती विनोदाने म्हणाली नव्हती. पण म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की यापेक्षा चांगलं उत्तर तिला आयुष्यात पुन्हा सुचणार नाही. म्हणून ती लगेच निघाली. कुबड्यांवर ताडताड निघता येत नाही, त्यामुळे दारापर्यंत पोचायला बराच वेळ लागला आणि मामाला सगळा वेळ तिच्या पाठीकडे बघावं लागलं.

रविवारी हॉल भरला होता. पडदेवाले एकसारख्या रंगाच्या कपड्यांत आले होते. उरलेलं कापड होतं, पण रुबाब होता. भाची लवकर येऊन मैदानात शिरायच्या एकुलत्या एका फाटकात खुर्ची टाकून बसली. मामाच्या पाचही जणांना तिने आधी हॉलला फेऱ्या मारायला लावल्या, मग दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, मऊ उतरायला शिकवलं. फिजिओ बाईंकडून ती एवढंच उसनं घेऊन आली होती.

“पाचच जण तर आहोत. खेळायचंच नाहीये,” बाण म्हणाला.

“गुडघे तर आहेत ना? उडी मार.”

तेवढ्यात मामा आला. हाफ पँटमध्ये. त्याचा डावा गुडघा आजवर कोणी पाहिला नव्हता. घाईत भिंतीला मारलेल्या गिलाव्यासारखा दिसत होता.

“सहावा मी,” मामा म्हणाला. “नाव दिलंय. बाजूला हो.”

हा माणूस एका उडीत उरलासुरला पाय घालवून बसणार होता, आणि वर पुढची वीस वर्षं त्याची गोष्ट सांगणार होता. तिने खुर्ची फाटकात अडवी केली, कामावरून मागवलेल्या फरश्यांच्या खोक्यावर आपला पाय लांब केला आणि खोक्यातली एक पाटी पायाला अडकवली.

पाटी मामाचीच होती, त्याच्याच अक्षरातली. ‘सांधे ओले आहेत. पाय ठेवू नये.’

आता ही पाटी म्हणजे काय, हे फरशीवाल्यांनाच कळेल. फरशी बसली, सांधे भरले की मामा ही पाटी दारात लावायचा आणि मग तिथून मुंगीलाही जाऊ द्यायचा नाही. एकदा एका घरमालकाला त्याच्याच वाढदिवशी, केकसकट, खिडकीतून आत जावं लागलं होतं. मामाने स्वतः जन्मात ही पाटी ओलांडली नव्हती.

“पाटी काढ,” मामा म्हणाला.

“तू काढ.”

“हा फाजीलपणा आहे.”

“सांधा ओला आहे, मामा. माझा ओला आहे, आणि तुझा तेव्हा कोणी सुकूच दिला नाही. त्यावर सगळं घर नाचलं.”

पंचांनी पहिली शिट्टी मारली. मामाने पाय उचलला. सगळा हॉल बघत होता. पाय हवेत राहिला, गुडघा लटपटला, आणि उभ्या जन्माच्या सवयीने पाऊल पाटीच्या अलीकडेच उतरलं. त्याने पुन्हा उचललं. पुन्हा तिथेच उतरलं. तिसऱ्यांदा त्याने पाटीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, पाटीवरचं स्वतःचं अक्षर पाहिलं.

“अक्कल गुडघ्यात कार्टीची,” तो पुटपुटला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसायला गेला. बसता येईना. मग बाणाने खुर्ची आणली.

दुसरी शिट्टी झाली. फरशीवाले मॅच सोडून देत आहेत, असं पंचांनी जाहीर केलं.

“सोडून नाही,” भाची मोठ्याने म्हणाली. “बसून. टीम बसून आहे, असं लिहा.”

पंचांकडे त्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि काहीच लिहिलं नाही.

चषक पडद्यांना मिळाला. त्यांच्या कॅप्टनने तो उत्साहाने एका कानाला धरून उचलला आणि कान हातात आला. चषक खाली. कॅप्टनने कान परत जागेवर लावला आणि दाबून बसवायला दात-ओठ खाऊन जोर लावला.

“ओढू नकोस!” मामा गरजला, आणि खुर्चीतून अर्धा उठला. “दाबू नकोस! हात लावू नकोस त्या सांध्याला! आहे तसा फडक्यात गुंडाळ आणि जाणत्या माणसाकडे ने!”

कॅप्टन दचकून थिजला. फडकं पडद्यांकडे भरपूर होतं.

मामा खाली बसला. भाचीच्या खोक्यावर थोडी जागा होती. त्याने तिथे आपला डावा पाय हळूच उचलून ठेवला. मग ती पाटी सरकवून दोन्ही पायांच्या मध्ये आणली.

“त्या बाईंकडे,” तो समोर बघत म्हणाला, “जुने सांधेही घेतात का?”

“घेतात. पण मामा, हातोडा घरी ठेवून ये.”