पाहुण्याची रायफल

प्रेनने खुंटीवरची रायफल उतरवली, बाहीने पुसली आणि लुआनच्या पुढे झालेल्या हातांत न देता चुलीजवळच्या बुटक्या मेजावर ठेवली.

"माझ्यावर भरवसा नाही का, काका?" लुआन हसला. जुनी हत्यारं हौशी लोकांना विकणारा हा माणूस त्या रायफलसाठीच श्कोदर शहरातून डोंगर चढून आला होता.

"पाहुणा निघाला की घरधनी त्याच्या हातात बंदूक देतो. तुझी तर अजून कॉफीही झाली नाही."

"द्या एकदाची, मामंजी," चुलीशी बसलेली सून द्राना म्हणाली. घर बंद करून सगळे शहरात राहायला जाणार होते. "रोज तिची विचारपूस करता, तेवढी आमची करत नाही."

खोटं नव्हतं ते. वाऱ्याने दार वाजलं तरी प्रेनची नजर आधी खुंटीकडे जायची. सरकारने हत्यारं गोळा केली त्या वर्षांत रायफल छपरात दडवली होती, तेव्हाही तो रिकाम्या खुंटीकडेच बघायचा. जिची ही रायफल, तो मेलेला पाहुणा या घरातून कधी गेलाच नव्हता.

"तुर्की फौजेतली माउझर," लुआन म्हणाला. "मागे गोष्ट असली की घेणारे वेडे होतात. सांगा ना."

प्रेनने मिशीवरून हात फिरवला.

"मी सात वर्षांचा होतो. बाहेर कंबरभर बर्फ. हिचा मालक वैऱ्याला चुकवत आमच्या दारी पाहुणा म्हणून आला. वडिलांनी बंदूक घेऊन या खुंटीला टांगली आणि त्याच्यासाठी रात्रभर जागे राहिले. मला जाग आली तेव्हा चुलीपाशी विळ्याला कानस लावत होते. उजाडल्यावर बंदूक त्याच्या हाती देऊन शिवेपर्यंत सोडून आले. पुढे पुलावर वैरी आडवा आला. पाहुण्याने चाप ओढला, पण बार उडालाच नाही. तो तिथेच मेला, आणि बंदूक परत आमच्या खुंटीवर आली."

"मग?"

"महिन्याच्या आत वडिलांनी त्या वैऱ्याला गाठलं. तोंडातून एक शब्द काढू दिला नाही. सूड न घेता पाहुण्याचा घात पचवणाऱ्याला इथे अपमान म्हणून कॉफीचा कप गुडघ्याखालून देतात. माझ्या वडिलांना तसा कप द्यायची कुणाची छाती झाली नाही."

लुआनने रायफलच्या बोल्टला, मागच्या सरकत्या दांड्याला, हात घातला. पाहुण्याची वस्तू या घरात कधी कुणी उघडली नव्हती. लुआनने बोल्ट बाहेर काढून सुटा केला, आतली सळई खिडकीपाशी धरली.

"काका, ही उडणारच नव्हती. काडतुसावर आदळतं ते टोकच नाही हिला."

"झिजलं असेल," द्राना म्हणाली.

"झीज नाही, ताई. कानशीने घासून काढलंय. हे ओरखडे बघा." मग प्रेनचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "असू द्या. भिंतीवर लावणाऱ्याला काय फरक पडतो?"

प्रेन ओरखड्यांकडे बघत राहिला. ही गोष्ट त्याने खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात सांगितली होती, आणि विळ्यापाशी आला की दरवेळी त्याचा ऊर भरून यायचा. कंबरभर बर्फ होता. कापायला गवताची काडी नव्हती. त्याला वडिलांची लाज वाटली, आणि इतकी वर्षं हे न कळलेल्या स्वतःची त्याहून जास्त.

द्रानाने कॉफी आणली. लुआनला दिली, मग सासऱ्यांना. प्रेनने कप घेतला. डावा गुडघा उचलून त्याने तो कप त्याखालून दुसऱ्या हातात दिला आणि मगच तोंडाला लावला.

थोडी कॉफी सतरंजीवर सांडली. द्राना ती पुसायला वाकली नाही.