काळ्या रानातली डाळमिल

आषाढात पाऊस लागून राहिला आणि विजयश्रीच्या डाळमिलचा पट्टा पुलीवरून उडायला लागला. बसवला की थोडा वेळ चालायचा, मग एका कडेला सरकत जाऊन सुटायचा. तिनं मोटर बंद केली, गवंड्याकडची पाण्याची नळी मागून आणली आणि जमिनीची पातळी धरून पाहिली. भिंतीलगतचा, मोटरीखालचा कोपरा वर उचलला होता. डाळ फोडायचं यंत्र खोलीच्या मधोमध होतं, ते आपल्या जागी होतं. दाराची चौकट तर अशी आवळली होती, की दार ढकलायला दोन माणसं लागत होती.

हे नवं नव्हतं. ठाणाकुशनूरच्या शिवारात, घरामागच्या काळ्या रानात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, शिवराजनं, ही खोली बांधली, त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीला चीर गेली. पावसाळ्यात ती मिटली, पुढच्या उन्हाळ्यात परत उघडली, आधीपेक्षा रुंद. मग शिवराजनं सगळी फरशी उखडली, खाली मुरूम दाबून भरला, वर सळया घालून जाड कोबा केला. "आता हत्ती नाचवा," असं तो गवंड्याला म्हणाला होता. त्या कोब्याला आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडा गेला होता.

शिवराजचे वडील राघोबा दारात उभं राहून हे बघत होते. जन्म याच रानात गेलेला माणूस. "काळी पिकवती," ते म्हणाले, "पर आपल्या अंगावर बिऱ्हाड ठेवून घेत न्हाई. मी पयलंच सांगितलं हुतं."

"मग आपलं राहतं घर कसं उभं हाय, अप्पा?" विजयश्रीनं विचारलं.

"ते गावठाणात हाय. तितं खाली पांढरी माती. हितं तसं न्हाई."

शिवराजचं मत पडलं, की यंत्र उचलून चिटगुप्प्याला न्यावं. चिटगुप्पा विजयश्रीचं माहेर. तिकडची जमीन तांबडी, खाली तांबडा दगड. तिच्या वडिलांच्या घराचा पाया जेमतेम हातभर, तरी भिंतीवर कुठं रेघ नव्हती. तिथं भाड्यानं जागाही मिळाली असती. पण विजयश्रीनं मान हलवली. तिनं डाळमिल टाकली ती गावासाठी. इथं घराघरात तूर पिकायची, अख्खी अडतीवर जायची, आणि तीच माणसं दुकानातून पुड्यातली डाळ आणायची. आता आसपासच्या वाड्यांवरच्या बाया पोती घेऊन यायच्या, डाळ घरी न्यायच्या, जनावरांना चुनी न्यायच्या.

"त्या काय तूर घेऊन चिटगुप्प्याला यायच्यात व्हय?" ती म्हणाली. "मिल हितंच राहील. जमीन कामून हलायलीय ते कळलं पायजे. ते कळाल्याबिगर मी एक वीटबी लावणार न्हाई."

त्या दिवसापासून मिल बंदच राहिली.

होळीनंतर गावात एक जीप आली. मातीचा नकाशा करणारी सुधारानी नावाची बाई दोन मदतनीस घेऊन शिवारातून फिरत होती, ठिकठिकाणी खड्डे घेत होती. मूळची बिदरची, घरी कन्नड बोलणारी, पण मराठी पाण्यासारखी. विजयश्री तिला बांधावर जाऊन भेटली.

"म्याडम, एक खड्डा माझ्या मिलीपाशी घ्या."

"अक्का, आमचे खड्डे शेतात असतात. इमारतीचं काम आमचं न्हाई."

"इमारतीचं मी बघते. तुमी माती सांगा. माझी मिल तुमच्या मातीवरच उभी हाय की."

सुधारानी हसली आणि दुसऱ्या दिवशी आली. उन्हानं रान ठिकठिकाणी फाटलं होतं. काही भेगांत हात कोपरापर्यंत जात होता. मिलीपासून थोडं दूर, ऊस लावायच्या चरापेक्षा रुंद असा खड्डा शिवराजनं आणि मदतनिसांनी खणला. वरची माती भुसभुशीत, खालची इतकी कडक की पहार आपटून परत यायची. पुरुषभर खोल झाल्यावर सुधारानी शिडीनं उतरली आणि खड्ड्याची एक बाजू सुरीनं खरवडू लागली. विजयश्रीही तिच्यामागं उतरली.

"अप्पा," सुधारानीनं खालूनच विचारलं, "तुमी हिला काय म्हणता?"

"काळी. एक नंबरची काळी," वर काठावर बसलेले राघोबा म्हणाले.

"नुसत्या काळ्या रंगावर आमाला नाव देता येत न्हाई. दिसायला काळी, पर वागायला वेगळी अशी माती असती." तिनं ढेकूळ फोडून चिमूटभर माती पाण्यानं भिजवली आणि अंगठ्यानं दाबत पुढं सरकवली. मातीची लांब पट्टी निघाली, तुटता तुटेना. "ही चिकणमाती. निम्म्याहून जास्त. तिचा कण इतका बारीक, की पाणी त्याच्या पदराच्या आत शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, गेलं की आकसते. म्हणून भेगा. आता हितं हात लावा."

तिनं बाजूच्या भिंतीतून एक मोठं ढेकूळ अलगद सोडवलं. त्यामागची बाजू तिरकी, गुळगुळीत होती; घासलेल्या वहाणेच्या तळव्यासारखी चकाकत होती. विजयश्रीनं त्यावर बोट फिरवलं.

"कुणी घासलं हे?"

"मातीनंच. उन्हाळ्यात वरची माती भेगांतनं खाली पडते. पावसाळ्यात सगळी फुगते, पर खाली जागा उरलेली नसती. मग एक थर दुसऱ्यावर घासत तिरका वर चढतो. दरसाल. अशी घासलेली तोंडं सापडली, खोल भेगा असल्या, चिकण एवढी असली, की मग आमी तिला व्हर्टिसॉल म्हणतो. म्हंजे उलटणारी, आपणच आपली उलथापालथ करणारी माती."

विजयश्रीनं त्या चकाकणाऱ्या बाजूवर परत तळवा फिरवला. तिच्या मिलीचा कोबा, दाराची चौकट, उडणारा पट्टा, सगळं तिला एकदम समजलं. आपण जमिनीवर खोली बांधली नव्हती. हलत्या गोष्टीवर ठेवली होती.

"कोब्यानं ही दबायची न्हाई तर," ती म्हणाली.

"न्हाई. तुमच्या कोब्यापेक्षा हिचा जोर जास्त. आणि भिंतीच्या कडेनं पाणी आधी मुरतं, म्हणून कडा उचलतात, मधला भाग मागं राहतो."

"पर ही खाली कुठवर हलती?"

सुधारानीनं खड्ड्याच्या तळाशी हातानं फिरवायचा, जमिनीला भोक पाडणारा बरमा लावला. मदतनिसांनी तो फिरवत फिरवत खाली नेला. बराच वेळ तीच काळी माती येत राहिली, मग तिच्यात चुन्याचे पांढरे खडे दिसू लागले, रंग तपकिरी झाला, आणि शेवटी बरम्याच्या पात्यावर पिवळसर, भुरभुरीत मुरूम आला. जमिनीपासून खाली दोन पुरुष खोलीच्या आसपास.

"वरचा हा एवढा थर ऋतूप्रमाणं हलतो," सुधारानी म्हणाली. "खालचा ओलावा वर्षभर सारखाच, म्हणून तिथं हालचाल न्हाई. तुमचं वजन खाली टेकलं पायजे. कसं टेकवायचं ते बांधकामवाल्याला विचारा, मला ते येत न्हाई. आणि एक ध्यानात ठेवा. पाऊस पडला तर ह्या खड्ड्यात कुणी उतरू नका. ही तिरकी तोंडं ओली झाली की घसरतात."

राघोबांना दुसराच प्रश्न पडला होता. "मातीला गावाचं नाव देता म्हणं तुमी. मग आता आमच्या गावाचं नाव लागणार?"

"न्हाई अप्पा. हिच्यासारखी माती आधीच दुसऱ्या गावाच्या नावानं नोंदलेली हाय. तेच नाव हिलाबी लागंल."

"त्यांच्यात आमच्यासारखा हरभरा तरी हुतो का," राघोबा पुटपुटले आणि उठून गेले.

शिवराजनं ठरवलं की जुन्या खोलीशेजारी नवी बांधायची, त्यासाठी मुरूम लागेपर्यंत आपणच खणायचं आणि खालून दगडी खांब उभे करायचे. कोपऱ्याचा पहिला खड्डा अर्ध्यावर आला असताना अवकाळी सर आली. पाणी भेगांतून सरळ आत गेलं. सकाळी ऊन पडलं, वरून माती कोरडी दिसत होती. विजयश्री शेजारच्या वाडीवर गेली होती. शिवराजला वाटलं, एवढ्याशा पावसानं काय होतंय, आणि तो खाली उतरला.

ती परत आली तेव्हा राघोबांची हाक तिला बांधावरूनच ऐकू आली. खड्ड्याची एक बाजू अख्खी सरकून खाली आली होती. शिवराज कमरेपर्यंत मातीत अडकला होता, चेहरा पांढरा, दोन्ही हात समोरच्या भिंतीला टेकलेले.

"पाय उचलत न्हाई," तो म्हणाला. "तू खाली येऊ नको."

ती उतरली नाही. मिलीतली एक जाड फळी तिनं ओढून आणली, सासऱ्याला सांगून ती अजून न ढासळलेल्या बाजूला टेकू म्हणून तिरकी रोवली, मग काठावर पालथं पडून हातानं माती उपसू लागली. शेजारच्या रानातली माणसं धावली. चिकट माती फावड्याला सोडत नव्हती; प्रत्येक ढेकूळ हातानं तोडावं लागत होतं. शिवराजच्या काखेतून दोर घातला आणि त्याला वर घेतलं, तेव्हा त्याचा घोटा उलट्या बाजूला वळलेला होता.

उदगीरच्या दवाखान्यात पायाला सळई घातली. शुद्धीवर आल्यावर शिवराज छताकडं बघत म्हणाला, "सोड आता ते, विजू. जीव गेला असता."

"व्हय. गेला असता." तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले. तिच्या नखांत अजून माती होती. "म्हणून आता खड्ड्यात कुणी उतरणार न्हाई. तुमीबी न्हाई, मीबी न्हाई. पर माती कुठं थांबती ते आता मला ठाऊक हाय. ते ठाऊक असताना मी मागं कामून सरू?"

शिवराजनं तिच्याकडं मान वळवून विचारलं, "मग खाली जायचं कसं?"

"वरनंच."

तिनं विचारपूस सुरू केली. कोहिनूरला चन्नवीर नावाचा मिस्त्री होता, त्यानं काळ्या रानात घरं उभी केली होती, असं कळलं. ती एसटीनं जाऊन त्याला घेऊन आली. चन्नवीरनं सुधारानीचा खड्डा पाहिला, हातात माती चोळली.

"माणूस उतरवायचा न्हाई, अक्का. तीन वाशांच्या तिकाटण्यावरनं मोठा बरमा सोडायचा. मुरमापर्यंत गेलं की आत पाती उघडायची, म्हंजे खाली गडव्यासारखं पोट तयार हुतं. त्यात सळया आणि काँक्रीट. माती वर ओढू दे न्हाई तर खाली दाबू दे, ते पोट खांबाला जागचं हलू देत न्हाई. खांबांवर बीम, आणि बीमच्या खाली मोकळी जागा सोडायची."

"मोकळी कशाला?"

"मातीला फुगायला. तिला जागा दिली की ती आपल्याला उचलायची न्हाई. फरशीबी तशीच, बीमवर. आणि मोटर नि यंत्र एकाच लोखंडी सांगाड्यावर बसवा, म्हंजे एकमेकांपासनं सरकणार न्हाईत."

बरमा माणसांनी फिरवायचा होता. शिवराज पाय उंच ठेवून बाजेवर बसलेला. विजयश्रीनं वाड्यांवरच्या बायांना सांगावा धाडला आणि त्या आल्या, शेजारच्या वाडीवरची गुरुबाई सगळ्यांत पुढं. तिचं पाटा-जातं कधीच सुटलं होतं आणि मिल बंद पडल्यापासून ती दुकानातली डाळ शिव्या देत खात होती. लांब दांड्याला दोन्हीकडून लागून बाया गोल फिरायच्या. काळी माती वर यायची, बाजूला पडायची. राघोबा दोन दिवस तिकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या खांबाच्या वेळी मुरूम वर आला तेव्हा मात्र ते आले, तो मुठीत घेऊन चुरला, आणि दांड्याला जाऊन लागले.

मृगाच्या आधी नव्या खोलीचं छप्पर झालं आणि मोटर नि यंत्र एका लोखंडी सांगाड्यावर तिथं बसवलं. छपराचं पाणी भिंतीपाशी पडू नये म्हणून विजयश्रीनं पन्हाळ लावून ते दूर चरात सोडलं. जुनी खोली पाडली नाही. तिच्यात कडबा भरला.

पाऊस आला आणि त्या वर्षी चांगलाच आला. जुन्या खोलीचं दार आवळून बसलं. विजयश्री रोज नव्या खोलीच्या कडेनं फिरायची, ओणवी होऊन बीमखाली हात घालायची. माती खालून वर येत होती. हाताला आधी मोकळी लागलेली फट कमी कमी होत गेली. एका रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी तिनं परत पाण्याची नळी धरली. चारही कोपरे एका रेषेत होते. श्रावणात माती वर यायची थांबली. बीमखाली तिचे जोडलेले तळहात अजून आत जात होते.

पट्टा एकदाही उडाला नाही. शिवराज लंगडत चाळणीपाशी उभा राहायचा, चुनी पोत्यात भरायचा. तो घोटा पूर्ण सरळ झाला नाही, थंडीत दुखायचा.

संक्रांतीनंतर नवी तूर आली आणि मिलीपुढं पोत्यांची रांग लागली. त्याच दिवसांत शेजारच्या वाडीवरचे शिवशंकरप्पा आपल्या काळ्या रानात घर बांधायचं विचारायला आले. त्यांना पाया किती खोल घ्यायचा ते एका वाक्यात हवं होतं.

"तसं सांगता यायचं न्हाई, अण्णा," विजयश्री म्हणाली. "तुमच्या रानात माती कुठवर जाती ते आधी बघावं लागंल."

तिनं मोटर शिवराजच्या हवाली केली, पदर खोचला, आणि चन्नवीरला फोन लावत त्यांच्याबरोबर वाडीकडं निघाली.