तालमीत कुणी मरत नाही

आमच्या दादाला नाटकाचं वेड आहे आणि अक्कल बेताची. मला ट्रकने उडवलं, मी सव्वीस दिवस अतिदक्षता विभागात पडून होते, तर या माणसाने त्यावर नाटक बसवलं. मला न विचारता. वर नायक पुरुष केला आणि शेवटी त्याला मारलं. "अगं, तू वाचलीस, त्यात नाट्य कुठंय?" असं माझ्या तोंडावर म्हणाला.

हाडं जुळली होती माझी. भानगड वेगळीच होती. मी एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर काम करायचे. वस्तू यंत्रासमोर धरली की टिट् वाजतं. खाटेशेजारचा मॉनिटरही हुबेहूब तसाच वाजायचा, आणि पुढचं टिट् येतंय की नाही याची वाट बघत मी दिवस काढलेले. पडद्यापलीकडे एक मावशी होत्या. "या डबड्याचं तोंड बंद कर गं," असं नर्सला रोज सुनवायच्या. एका दुपारी त्यांचं डबडं एकसलग वाजत राहिलं. मग कुणीतरी बंद केलं.

कामावर परत गेले त्या दिवशी तिसऱ्याच साबणाला मी काउंटरखाली जाऊन बसले. गिऱ्हाईक वरून वाकून विचारतंय, "पिशवी मिळेल का?" मॅनेजर सज्जन माणूस. एक तारखेपर्यंत जागा ठेवतो म्हणाला, नंतर मात्र दुसरी बाई घेणार. मला ते काम हवंच होतं. घरी बसून वहिनीचे सल्ले ऐकत म्हातारी व्हायची माझी तयारी नव्हती.

त्यात दादाचा आवाजवाला रुसून निघून गेला. त्यांच्याकडे मॉनिटरचा आवाज रेकॉर्ड करून लावत नाहीत, कारण नायक रंगात आला की वाक्यं कुठल्या कुठे ताणतो. म्हणून विंगेत बसून एकेक ठोका हाताने वाजवायचा. हिरवं बटण दाबलं की टिट्. लाल दाबून धरलं की लांब, मरणाचा आवाज. "तूच बस," दादा म्हणाला, "तुला पाठच आहे." मी त्याला नको नको ते बोलले. आणि बसले. म्हटलं, वाजवणारी मीच असले तर काय होतं ते तरी बघू.

पहिल्या दिवशी हाताला घाम सुटला. चौथ्या दिवशी एका हाताने चहा पीत दुसऱ्याने ठोके देत होते. पण दादाच्या मंडळाचा एक नियम आहे: तालमीत मरण पुरं करायचं नाही, अपशकुन होतो. नायकाचा हात पांघरुणावरून घसरला की तालीम संपली, मेलेला उठून बिस्किटं खायला जातो. त्यामुळे लाल बटण मी एकदाही दाबलं नव्हतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्यासुद्धा.

प्रयोग दुपारचा होता. नायक झकास मरत होता, सावकाश, सगळ्यांकडे आळीपाळीने बघत. हात घसरला. माझं बोट लाल बटणावर गेलं आणि तिथेच थिजलं. मी हिरवं दाबलं. टिट्.

त्याने हात उचलून पुन्हा घसरवला. टिट्.

"आपण त्यांना गमावलं," डॉक्टर म्हणाला. टिट्. "म्हणजे, जवळजवळ," डॉक्टर म्हणाला. प्रेक्षकांत खसखस पिकली. समोरच्या विंगेतून दादा स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवत होता, तेही माझ्याकडे डोळे वटारून. नायकाने मान माझ्याकडे वळवली आणि ओठ न हलवता म्हणाला, "ताई, मरू दे ना मला. नाक खाजतंय."

"थांब जरा," मी म्हटलं.

मला त्या मावशी आठवत होत्या. त्या दुपारी तो लांब आवाज ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मनात आलं, हुश्श, माझा नाही. मला बरं वाटलं होतं. एक बाई गेली आणि मला बरं वाटलं, याची लाज मी पाच महिने घेऊन फिरत होते, आणि घरचे समजत होते की मी यंत्राला घाबरते.

मी लाल बटण दाबलं. दाबून धरलं. नायक एकदाचा मेला. मी रडत होते, पण बोट हललं नाही.

पडदा पडल्यावर दादा धावत आला. "दहा सेकंद लिहिलेत. तू मिनिटभर धरलंस."

"दहा तुझ्या नायकाचे," मी म्हटलं. "बाकीचे दुसऱ्या कुणाचे होते."

तो काहीतरी फटकळ बोलणार होता. पण माझं तोंड बघून खाली बसला आणि रुमाल दिला. तोही मेकअपने बरबटलेला.

एक तारखेला मी काउंटरवर उभी राहिले. पहिलाच साबण. टिट्. नजर काउंटरखाली गेली, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या आवाजाची वाट बघायची नव्हती. पुढची वस्तू माझ्याच हातात होती.

"पिशवी मिळेल का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

दिली.