वीस मीटरची माया

मास्तर खांब खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात शिरले तेव्हा काकू चहाचं आधण ठेवत होत्या.

"अहो, हा इथे कुठे?"

"ओट्याच्या कडेला. माप तिथंच येतंय," असं म्हणत मास्तरांनी पहारीनं फरशी उचकटलीसुद्धा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. दुकान बंद करून घरी बसल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून ते किनारा मोजणाऱ्या स्वयंसेवकांत शिरले. काम सोपं होतं. काठापासून वीस मीटरवर एक खांब रोवायचा, दर महिन्याला खांबापासून काठापर्यंत टेप धरायचा आणि आकडा फोनवरून खात्याला कळवायचा. "वीस मीटर हं, मास्तर," असं शिकवायला आलेल्या मॅडमनी दोनदा बजावलं होतं.

पहिल्याच उधाणानंतर टेप कमी भरला. दुसरा कुणी असता तर त्यानं कमी आकडा कळवून टाकला असता. पण मास्तरांचा जन्म गिऱ्हाईक सांभाळण्यात गेलेला. ठरलेलं माप आलं नाही तर चूक शिंप्याची. गिऱ्हाईकाला 'तुम्ही फुगलात' असं तोंडावर सांगतात होय? सदऱ्याच्या शिवणीत आत जादा कापड दाबून ठेवलेलं असतं, त्याला माया म्हणतात. ती उसवली की सदरा पुन्हा अंगात बसतो. मास्तरांनी खांब उपटला, मागं नेऊन रोवला आणि ऐटीत कळवलं, वीस.

मग समुद्र फुगत गेला आणि मास्तर उसवत गेले. खांब बागेतून आला, कपड्यांच्या दोरीखालून आला, मागची पडवी चढला. त्याच्यामागून समुद्रही आला, तेवढंच अंतर राखून, अगदी अदबीनं. आकडा मात्र वीसच.

काकूंना त्या विसाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव बांधात अडकला होता. पलीकडच्या किनाऱ्याला खात्यानं दगडी बांध घालून दिला, कारण तिथले आकडे घसरत होते. "आम्हाला कधी?" असं विचारलं की उत्तर यायचं, "तुमचा किनारा ठाम आहे, काकू." आणि इकडे भरतीला मांडणीतली भांडी थरथरायची.

खांब रोवून होतो न होतो तोच मॅडम दारात हजर. हातात सर्वांत ठाम किनाऱ्याच्या बक्षिसाची ढाल. मागच्या दारातून टेप सोडून त्यांनी स्वतः मोजून पाहिलं.

"बरोब्बर वीस!" त्या हरखल्या. ओट्याला टेकलेल्या खांबाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "इथे गंजणार नाही, छान केलंत."

ढाल हातात पडताच मास्तरांना मूठभर मांस चढलं.

"आणि पुढच्या महिन्यात हो?" काकूंनी विचारलं.

मास्तरांची नजर आपसूक पुढच्या खोलीकडे गेली. तिथं शिवणयंत्र होतं, यंत्रापलीकडे भिंत आणि भिंतीपलीकडे रस्ता.

काकूंनी दुकानात जन्मभर काजं-बटणं केली होती. उसवून उसवून कापड संपलं की त्या आतून एकच वाक्य टाकायच्या, आणि मग गिऱ्हाईकाशी खरं बोलणं मास्तरांच्या गळ्यात पडायचं. तेच वाक्य त्यांनी आता टाकलं.

"मास्तर, माया संपली."

मास्तरांनी ढाल ओट्यावर ठेवली. "मॅडम, किनारा ठाम नाहीये. मीच खांब हलवत आलो."

"खांब हलत नसतो," मॅडम म्हणाल्या. "नियमात तसं कुठेच नाही. पण तुमचा आग्रहच असेल तर बांध मागता येईल. खांबाच्या लगेच मागे घालतात."

"मागे म्हणजे कुठे?"

मॅडमनी ओट्यापासून बोट उचललं, ते शिवणयंत्रावरून फिरवून रस्त्याकडे नेलं. "तिकडे. घर समुद्राच्या बाजूला जाईल. रस्ता मात्र वाचेल."

मास्तरांनी आजवर गिऱ्हाईकावर आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही. त्यांनी खांब फरशीतून उपटला आणि मागच्या दारानं धूम ठोकली. बाग ओलांडून ते सरळ पाण्यात घुसले, छातीएवढ्या पाण्यात जाऊन थांबले.

"पहिला खड्डा इथे होता!" ते ओरडले. "इथलं लिहा!"

खांब काही केल्या उभा राहीना. मास्तरांनी त्याला मिठी मारली, तर लाट दोघांनाही लोळवू लागली. तेव्हा काकू चपलांसकट पाण्यात उतरल्या आणि त्यांनी दुसऱ्या बाजूनं खांब धरला. चिडल्या होत्या, पण धरला.

"दिसला!" मॅडम खिडकीतून ओरडल्या. "आता जराही हलवू नका! बांध त्याच्या मागेच येईल!"

"कधी?"

"मंजुरी आली की!"

मास्तरांनी घाबरत काकूंकडे पाहिलं. काकूंनी पकड घट्ट केली आणि खिडकीतल्या मॅडमकडे मान वळवली.

"अगं ए पोरी, मग तेवढा चहाखालचा गॅस बंद कर."